जेरोदिनाची चार उत्तरं

ओर्येम व्हॅलेंतिनोच्या तोंडातून गेली बावीस वर्षं सरकारी पगारावर दुसऱ्यांचेच शब्द बाहेर पडत होते. लातेबेच्या कोर्टात तो दुभाष्या होता. साक्षीदारानं अचोलीत, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत बोलायचं, ओर्येमनं ते इंग्रजीत सांगायचं. मॅजिस्ट्रेटनी इंग्रजीत विचारायचं, ओर्येमनं ते अचोलीत उतरवायचं. साक्षीदार 'मी बकरी चोरली' म्हणाला, की ओर्येमनंही ताठ उभं राहून 'मी बकरी चोरली' असंच म्हणायचं. अशा रीतीनं त्यानं आजवर कितीतरी बकऱ्या चोरल्या होत्या, दोन झोपड्या पेटवल्या होत्या आणि एकदा तर तो नवऱ्याला सोडून सुदानला पळूनही गेला होता. बायको घरी यावरून त्याला भरपूर छळायची. पण कामाचा त्याला अभिमान होता, आणि माझ्या मते तो रास्तच होता. पदरचा एक शब्द घालायचा नाही, दुसऱ्याचा एक गाळायचा नाही, हे बावीस वर्षं सांभाळणं सोपं नाही. त्याच्या आधीच्या दुभाष्याला एका साक्षीदाराची कीव आली आणि त्यानं एक 'कदाचित' आपल्या पदरचा घातला. त्या एका शब्दापायी त्याची नोकरी गेली होती.

तीन महिन्यांपूर्वी देशाच्या पश्चिम भागातून नव्या मॅजिस्ट्रेट आल्या, कबासिंगुझीबाई. बोलायला कमी, कामाला वाघ. अचोली मात्र शून्य. आधीचे साहेब इथलेच होते. साक्षीदार बोलत असतानाच त्यांचं लिहून व्हायचं आणि ओर्येमचं इंग्रजी ही निव्वळ औपचारिकता असायची. बाईंना सगळं ओर्येमच्या तोंडून ऐकून मग हातानं उतरवावं लागे, कारण लातेबेच्या कोर्टात टंकलेखक नाही की आवाज टिपणारं यंत्र नाही. मॅजिस्ट्रेटची वही हेच कोर्टाचं दप्तर. त्यात बाईंचं उजवं मनगट दुखायचं. लिहिता लिहिता मागे पडल्या, की मान वर न करता त्या म्हणायच्या, "रिपीट." दिवसातून शंभरदा तरी. कोर्टाच्या दारात चहा विकणारी बाईसुद्धा हल्ली रिकामा कप बघून "रिपीट?" असं विचारायला लागली होती.

त्या मंगळवारी फिल्दा अदोचचा खटला उभा राहिला. फिल्दा विधवा, पदरात तीन पोरं, वकील लावायची ऐपत नाही. लढाई संपून निर्वासितांच्या छावण्या उठल्या आणि लोक आपापल्या जमिनीवर परतले, तेव्हा गवत माणसाच्या डोक्यावर गेलं होतं, आणि हद्दी सांगू शकणारी म्हातारी माणसं बरीचशी छावणीतच पुरली गेली होती. फिल्दाचं म्हणणं सरळ होतं. तिच्या नवऱ्याचं शेत वारुळापासून ओढ्यापर्यंत. शेजारच्या ओकिदीनं ते वारूळच सपाट केलं आणि ओढ्यापर्यंत तीळ पेरून टाकले. ओकिदी म्हणत होता, कसलं वारूळ? तिथं कधी वारूळ नव्हतंच. कागद दोघांकडेही नव्हता. शेत गेलं तर फिल्दानं तीन पोरांना घेऊन जायचं कुठं? तिच्या माहेरीही आता कुणी उरलं नव्हतं.

तिच्या बाजूनं एकच साक्षीदार होती, मेगो जेरोदिना. मेगो म्हणजे आई; वयस्कर बाईला तिकडे अशीच हाक मारतात. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेली, पण नजर अशी की समोरच्यानं आपले कपडे नीट करावेत. गंमत म्हणजे ती ओकिदीची सख्खी मावशी. छावणीत ओकिदीची आई गेली, तेव्हा त्याला आपल्या वाटणीची लापशी भरवून हिनंच वाढवला होता. ती फिल्दाच्या बाजूनं पिंजऱ्यात चढते आहे हे बघून बाकांवर कुजबूज झाली. ओकिदी खाली बघत बसला. त्याचा वकील ओजारा गुलू शहरातून आलेला, बूट चकचकीत. तो अशिलाच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. बहुधा 'तोंड उघडू नकोस' असंच.

शपथ झाली. बाईंनी विचारलं, "तिथं वारूळ होतं का?"

"होतं की," जेरोदिना म्हणाली. "माझ्याहून म्हातारं. दरसाल त्यातनं पंखवाली वाळवी निघायची, भाजून खायला. फिल्दाचा सासरा मला हाक मारायचा, 'जेरोदिना, टोपली घेऊन ये.' वारूळ ज्याचं, वाळवी त्याची. त्यानं बोलावल्याशिवाय मी कधी मूठभर उचलली नाही. माझ्या भाच्याच्या बापानंही नाही."

ओर्येमनं ते इंग्रजीत सांगितलं. बाईंची लेखणी धावत होती.

"आता ते वारूळ कुठं आहे?"

"ओकिदीनं खणलं. कुदळीनं, तीन दिवस. मी लाकडं आणायला जात होते, तेव्हा तिन्ही दिवस पाहिलं. नंतर वर तीळ पेरले."

इतकं स्वच्छ उत्तर ओर्येमनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यानंही ते तितक्याच स्वच्छपणे इंग्रजीत उतरवलं. पण बाई अजून मागच्या ओळीत, वाळवीच्या टोपलीतच अडकल्या होत्या.

"रिपीट," बाई म्हणाल्या.

"मेगो, परत सांगा," ओर्येम म्हणाला.

जेरोदिनानं बाईंकडे पाहिलं, मग ओकिदीकडे. "वारूळ खणलं गेलं," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "ओकिदी तिथं होता."

ओर्येमनं जसंच्या तसं सांगितलं. बाईंची लेखणी थांबली. "आधी ती म्हणाली, त्यानं खणलं. आता म्हणते, खणलं गेलं. रिपीट."

"मेगो, परत सांगा."

ती पुन्हा ओकिदीकडे बघत राहिली. ओकिदी आपल्या बुटांकडे बघत होता. "वारूळ खाली बसलं," जेरोदिना हळूच म्हणाली. "पावसानंही बसतात वारुळं. ओकिदीचं त्या बाजूला येणंजाणं असायचं."

फिल्दानं तोंडावर हात दाबून धरला. ओजारा वकील उठला, कोट सारखा केला आणि गोड आवाजात म्हणाला, "बाईसाहेब, साक्षीदार वयस्कर आहे, घाई नको. माझी विनंती आहे, तिला आणखी एकदा विचारावं."

"रिपीट," बाई म्हणाल्या. आता त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"परत सांगा, मेगो," ओर्येम म्हणाला.

"ऐंशी वर्षांचे डोळे आहेत, बाळा," जेरोदिना म्हणाली. "त्यांनी काय पाहिलं न् काय नाही, कुणी सांगावं."

ओजारा खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर मांजरानं दूध प्यावं तसं समाधान होतं. आणि त्या चेहऱ्याकडे बघताना ओर्येमला एकदम लख्ख कळलं, काय चाललंय ते.

ओजारा गुलूत वाढला असला तरी अचोलीच होता. त्याला माहीत होतं.

ओर्येम लहान असताना त्याच्या बापानं भावकीच्या बैठकीत सख्ख्या भावाला चोर म्हटलं होतं. एका बैलावरून. तेव्हा बैठकीतला सर्वांत म्हातारा माणूस शांतपणे म्हणाला, "परत सांग." त्या दोन शब्दांत अविश्वास नव्हता, राग तर मुळीच नव्हता. वडीलधारा माणूस परत सांग म्हणाला, की तोंडून गेलेला कडक शब्द मऊ करून घ्यायची ती संधी असते, हे त्यांच्या गावात पोरांनाही ठाऊक होतं. बापानं भावाकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "माझा बैल त्याच्या गुरांत मिसळला असेल." दुसऱ्या दिवशी सकाळी चुलता स्वतः बैल घेऊन दारात आला. एकानं शब्द मऊ करायचा, दुसऱ्यानं मग पाऊल पुढे टाकायचं. असं करून ती माणसं शंभर वर्षं एकमेकांच्या शेजारी नांदली होती.

म्हणजे म्हातारी विसरली नव्हती, घाबरली तर अजिबात नव्हती. टेबलापलीकडच्या मोठ्या बाई तीनदा म्हणाल्या होत्या, परत सांग. तिनं तीनदा शब्द मऊ करून भाच्यासमोर ठेवला होता, आणि दर वेळी त्यानं पाऊल टाकावं म्हणून त्याच्याकडे बघत थांबली होती. आणि हे सगळं ओर्येमच्या तोंडून झालं होतं. पदरचा एक शब्द न घालता, एक न गाळता, त्यानं तिच्या साक्षीचा पार चेंदामेंदा करून टाकला होता. या तीन महिन्यांत आणखी किती म्हाताऱ्यांच्या साक्षी अशा आपल्या जिभेवर विरघळल्या, हे तो मनात मोजायला लागला.

बाईंनी वही मिटायला घेतली. "साक्षीदार परस्परविरोधी बोलते आहे. मला वाटतं..."

"बाईसाहेब," ओर्येम म्हणाला, "दुभाष्याला बोलायचं आहे."

बावीस वर्षांत त्या कोर्टात त्याचा स्वतःचा आवाज कुणी ऐकला नव्हता. दारातला पोलीससुद्धा वळून बघायला लागला.

ओजारा ताडकन उठला. "हरकत आहे. दुभाष्या म्हणजे नळ. नळातून पाणी यावं, नळानं पाण्याबद्दल मत देऊ नये. त्याला साक्ष द्यायची असेल तर त्यानं पिंजऱ्यात उभं राहावं आणि नोकरीचा राजीनामा द्यावा."

"वकीलसाहेबांचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "ओर्येम, तुम्ही साक्ष देऊ शकत नाही."

ओर्येमनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांपुढे त्या जुन्या दुभाष्याचा चेहरा आला; तो आता बाजारात वाळलेली मासळी विकायचा.

पण बाई वही मिटवत नव्हत्या. लेखणीचं टोक ओठांवर टेकवून त्या विचार करत होत्या. त्यानंतरही मी कबासिंगुझीबाईंना बरीच वर्षं पाहिलं आहे. बाईंना कायदा तर येतोच, पण माणूस का अडखळला हे थांबून बघायची खोडही आहे, आणि ही खोड कुठल्या परीक्षेत मिळत नाही.

"मात्र," त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडचा शब्द तुम्ही तिला कसा सांगता, हे विचारायचा मला हक्क आहे. मी रिपीट म्हणते, तेव्हा तुम्ही तिला काय म्हणता?"

"मी म्हणतो, परत सांगा."

"भाषांतर तर चोख आहे. मग अडलं कुठं?"

"बाईसाहेब, ही हरकत..." ओजारा पुन्हा उठला.

"मी माझ्या शब्दाबद्दल विचारते आहे, तुमच्या अशिलाबद्दल नाही. बसा. हं, बोला ओर्येम. थोडक्यात."

ओर्येमनं थोडक्यातच सांगितलं. बैलाची गोष्ट सांगितली नाही, चुलत्याचं नाव घेतलं नाही. मोठ्या माणसानं परत सांग म्हटलं की तिच्या पिढीची माणसं शब्द मऊ करतात, एवढंच. त्याचा आवाज कापत होता. दुसऱ्याच्या बकऱ्या चोरताना तो कधी कापला नव्हता.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. उजवं मनगट डाव्या हातात धरलं. "तिला सांगा," त्या म्हणाल्या, "की माझा हात दुखतो. ती बोलते भराभर, मी लिहिते हळू. म्हणून मी रिपीट म्हणते. मला तिचा शब्द बदलून नको आहे. होता तोच हवा आहे, फक्त माझ्या हाताला गाठता येईल इतक्या सावकाश. आणि हे सगळं जसंच्या तसं सांगा."

ओर्येमनं सांगितलं. जेरोदिना ऐकत राहिली. मग पिंजऱ्याचा कठडा धरून पुढे वाकली आणि बाईंच्या मनगटाकडे निरखून बघायला लागली.

"हात दुखतो?" ती म्हणाली. "आणि मी इतका वेळ समजतेय, बाई किती मोठ्या मनाची, तीन-तीनदा संधी देतेय. अरे ओर्येम, हे आधी सांगायचं नाही होय? तोंडात काय मूग भरले होते तुझ्या?" बाकांवर हशा पिकला. "तिला म्हणावं, रात्री शिया झाडाच्या बियांचं तेल कोमट करून चोळ. खालून वर. वरून खाली चोळलं तर वाढतं."

ओर्येमनं तेही जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, खालून वर धरून. बाईंनी तोंडावर रुमाल धरला. हसू होतं की शिंक, ते दप्तरात आलेलं नाही.

ओजारानं उलटतपासणीचा हक्क मागितला. तो आता चिडला होता, आणि त्यामुळे गोड बोलायचं विसरला होता. "आजी, कोर्टाला तुम्ही चार उत्तरं दिलीत. भाच्यानं खणलं, खणलं गेलं, आपोआप बसलं, आणि शेवटी डोळ्यांना दिसतच नाही. यातलं खरं कुठलं आणि खोटी कुठली तीन?"

"खोटं एकही नाही," जेरोदिना म्हणाली. "पहिलं मी डोळ्यांनी पाहिलेलं. पुढची तिन्ही माझ्या बहिणीच्या पोराला दिलेली." ती थांबली. बाईंच्या लेखणीकडे बघत थांबली आणि लेखणी टेकल्यावर म्हणाली, "त्यानं घेतली नाहीत."

बावीस वर्षं ओर्येमनं हजारो वाक्यं इकडून तिकडे वाहून नेली होती. पण हे वाक्य इंग्रजीत नेताना त्याला वाटलं, आपण या म्हातारीच्या पायाशी बसायला हवं. तिला शाळा माहीत नव्हती, सही येत नव्हती. तरी भर कोर्टात, वकिलाच्या तोंडावर, तिनं कायदा आणि भावकी दोन्ही इतक्या कमी शब्दांत वेगवेगळी करून ठेवली होती.

"तर मग डोळ्यांनी पाहिलेलं काय ते सांगायला सांगा," बाई म्हणाल्या. "सावकाश."

जेरोदिनानं कठडा सोडला आणि जमेल तितकी सरळ उभी राहिली. "वारूळ फिल्दाच्या सासऱ्याचं," ती म्हणाली, आणि थांबली. लेखणी चालली, टेकली. "हद्द तिथंच." थांबली. "ते ओकिदीनं खणलं, कुदळीनं." थांबली. "तीन दिवस. मी तिन्ही दिवस पाहिलं." पेरणाऱ्यानं पावलं मोजत बी टाकावं तशी ती शब्द टाकत होती, आणि बाईंचा हात एकदाही मागे पडला नाही.

शेवटचं वाक्य लिहून झालं. बाई ओळीखाली रेघ मारणार, एवढ्यात बाकावरून ओकिदी उठला.

पस्तिशीचा, आडदांड माणूस. ओजारानं त्याची बाही ओढली. त्यानं ती सोडवून घेतली. त्याला बोलायची परवानगी नव्हती आणि त्यानं ती मागितलीही नाही. तो मॅजिस्ट्रेटकडे बघत नव्हता. सकाळपासून पहिल्यांदाच तो मावशीकडे बघत होता.

"मावशी," तो अचोलीत म्हणाला, "परत सांग."

ज्यांना अचोली येत होतं, त्या सगळ्यांनी श्वास रोखला. भर कोर्टात एवढा बाप्या माणूस दया मागत होता, आणि ज्या शब्दांत मागायची त्याच शब्दांत मागत होता. बाईंनी ओर्येमकडे पाहिलं. ओर्येमला ते सांगणं भाग होतं. "रिपीट," तो इंग्रजीत म्हणाला. त्याचा अर्थ समजावून सांगायची आता गरज नव्हती. बाईंना आता ठाऊक होतं. त्यांनी ओकिदीला गप्प बसवलं नाही. लेखणी आडवी ठेवली आणि वाट बघत राहिल्या.

जेरोदिनाच्या हनुवटीचं कातडं हललं. तिनं भाच्याकडे इतका वेळ पाहिलं, की ओर्येमला वाटलं, संपलं. ही आता विरघळणार, आणि कुणी तिला दोषही देऊ शकणार नाही. या वयात हिला पाणी द्यायला, आणि उद्या हिच्यासाठी खड्डा खणायला, या एका माणसाशिवाय कोण होतं? फिल्दा तर बघतही नव्हती. तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

"वारूळ फिल्दाच्या सासऱ्याचं," जेरोदिना म्हणाली. "हद्द तिथंच. ते ओकिदीनं खणलं, कुदळीनं. तीन दिवस. मी तिन्ही दिवस पाहिलं."

एक शब्द पुढेमागे नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिनं पुसलं नाही. पण आवाज जिथल्या तिथं होता.

ओर्येम भाषांतर करायला वळला. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. भाषा येत नसली तरी तेच शब्द त्याच क्रमानं आले, हे त्यांच्याही कानांना कळलं होतं.

ओकिदी उभाच होता. ओजारा त्याला दबक्या आवाजात काहीतरी सांगत होता, ते त्याच्या कानात शिरत नव्हतं. छातीवर ठोसा बसावा तसा त्यानं एक लांब श्वास सोडला.

"मग तेच लिहा," ओकिदी म्हणाला.

ओर्येमनं पाठ ताठ केली, समोर बघितलं आणि ओकिदीच्या जागी उभं राहून ते इंग्रजीत म्हटलं. बाईंनी लेखणी उचलली आणि लिहिलं.